कुरड्यांच्या अपिलाचा गोषवारा

५ फेब्रुवारी

पाच पानं! जजसाहेबांनी आज दोन्ही बाजूंना भर कोर्टात बजावलं — खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड मी वाचायचं तेव्हा वाचीन, आधी मला प्रत्येकाकडून पाच पानांचा गोषवारा द्या. साक्षी, उलटतपास, तारखा, सगळं त्यात. सहावं पान दिसलं तर परत करीन. आमचे सीनियर टिकारसर लवून "येस सर" म्हणाले आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. म्हणजे काम कोणाचं ते ठरलं.

चारशेच्या वर पानं आहेत. गठ्ठा स्कूटीवर पायांमध्ये ठेवून घरी आणला. ब्रेक दाबला की पुढे सरकायचा मेला.

आणि प्रकरण काय? कुरड्या! सोनाळ्याच्या सुभद्राबाईंच्या घरावर टिनं आहेत. शेजारी दीपकचं घर, त्यावर स्लॅब. स्लॅबच्या आधी तिथे धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत होतं. दर उन्हाळ्यात सुभद्राबाई कुरड्या, पापड, खारोड्या त्या शेजारच्या छतावर वाळत घालायच्या — दीपकची आई जनकाबाई हयात होती तेव्हापासून. मग एका उन्हाळ्यात वाळवणावर माकडं उतरली, त्यांनी दीपकची डिशची छत्री वाकवली, नेमकी क्रिकेटची मॅच सुरू होती, आणि दीपकने जिन्याच्या दाराला कुलूप ठोकलं. सुभद्राबाई सरळ कोर्टात! दावा — शेजारच्या स्लॅबवर वाळवण टाकण्याचा वहिवाटीचा हक्क. खालच्या कोर्टात हरल्या. आता अपील. हे हरलं तर वाळवण कायमचं खाली.

मी, मंजुश्री, एलएल.बी. फर्स्ट क्लास, तीन वर्षांची वकिली, कुरड्यांवर पाच पानं लिहिणार आहे. आईला सांगितलं तर म्हणाली, "चांगलं आहे की. खुनावर लिहिण्यापेक्षा बरं."

७ फेब्रुवारी

आपल्याकडे साक्ष लिहिताना प्रश्न गिळून टाकतात आणि नुसतं उत्तर उतरवतात. त्यामुळे वाचताना वाटतं, साक्षीदार एकटाच उभा राहून कोणी न केलेले आरोप नाकारत सुटलाय. आज हे सापडलं:

"हे म्हणणे खरे नाही की, माकडे माझ्या ओळखीची होती. हे म्हणणे खरे नाही की, मी माकडांना बोलावले. माकडे सोनाळ्याची होती की बाहेरगावची, हे मला सांगता येणार नाही."

मी एवढी हसले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कोर्टाचं वाचून राह्यली का चुटकुले?"

८ फेब्रुवारी

खालच्या कोर्टात आपण का हरलो ते कळलं. समोरच्या वकिलांनी आपल्या साक्षीदार बायांना विचारलं, कुरड्यांचा गहू किती दिवस भिजवता? एक म्हणाली तीन. दुसरी म्हणाली चार. बस्स! निकालात लिहिलंय — साक्षीदारांच्या जबाबांत तफावत आढळते, सबब त्यांच्यावर विश्वास ठेवता येत नाही, सबब वीस वर्षांची वहिवाट सिद्ध होत नाही.

अहो, थंडीत चार दिवस, उन्हात तीन! हे कोणत्याही बाईने सांगितलं असतं. पण कोर्टात कुणी पुढचा प्रश्नच विचारला नाही.

९ फेब्रुवारी

सापडलं! सापडलं! सापडलं!

दीपकचा उलटतपास. शपथेवर. "हे खरे आहे की, मी लहान असताना सुभद्राबाई आमच्या धाब्यावर कुरड्या घालीत असत. हे खरे आहे की, कावळे हाकलायला मला तेथे बसवीत असत. हे खरे आहे की, मी त्याबद्दल कुरड्यांचा वाटीभर चीक गूळ घालून खात असे."

दीपक आज पंचेचाळिशीचा आहे. म्हणजे वीस वर्षं कुठली, कुलूप लागेपर्यंत पंचवीस वर्षांची वहिवाट प्रतिवादीनेच कबूल केली आहे — गूळ घातलेल्या चिकासकट! आणि हे पान आजवर कोणी वाचलं नाही. आपण नाही, समोरच्यांनी नाही. मी खोलीत नाचले. कायद्याच्या पुस्तकाला पाय लागला, म्हणून मग नमस्कारही केला.

१० फेब्रुवारी

मी नाचायला नको होतं.

पान १४३. सुभद्राबाईंचा स्वतःचा उलटतपास. "मी दरवर्षी चैत्रात पहिल्यांदा विचारायला जात असे. 'टाकू का?' असे विचारल्याशिवाय मी कधीही वर चढले नाही. दीपकच्या घरच्या बाया हो म्हणत. मग मी चढत असे."

गेलं! संपलं! कायदा असा आहे की वहिवाटीचा हक्क मिळवायचा तर वीस वर्षं ती गोष्ट हक्काने करायला हवी. चोरून नको, मारामारी करून नको — आणि विचारूनही नको. विचारलंत की ती परवानगी. परवानगी वीस काय, दोनशे वर्षं घेतली तरी हक्क होत नाही. सुभद्राबाई न विचारता, छाती काढून, रोज त्या स्लॅबवर चढल्या असत्या तर आज स्लॅबवर त्यांचा हक्क असता. सभ्य वागल्या म्हणून नाही.

हा कायदा ज्याने केला त्याला शेजार नसणार.

गंमत म्हणजे समोरच्या वकिलांच्या हे लक्षातच आलं नाही. त्या उत्तरावर त्यांचा पुढचा प्रश्न पुन्हा माकडांवर आहे.

१२ फेब्रुवारी

टिकारसरांना दोन्ही पानं दाखवली. दीपकच्या चिकाचं पान वाचून त्यांनी टेबलावर थाप मारली. पान १४३ वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसले.

"हे गोषवाऱ्यात नको."

"पण सर, रेकॉर्डमध्ये तर आहे."

"असू दे ना तिथं. सुखानं राहू दे. समोरच्याले दिसलं नाही, खालच्या कोर्टाले दिसलं नाही, तू काऊन बोट दाखवून राह्यली? मी खोटं लिही म्हटलं का? नाही म्हटलं. फक्त समदं नको लिहू."

आपलं काम आपल्या पक्षकाराची बाजू मांडणं, समोरच्याची नव्हे — हेही म्हणाले. बरोबरच आहे. मी काय तत्त्वाचा झेंडा घेऊन आले नाही. मलाही जिंकायचंच आहे. लिहिला १४३ वगळून.

१५ फेब्रुवारी

गोषवारा झाला. टिकारसर म्हणाले, "एक नंबर!" पाचवं पान अर्धं कोरं राहिलं आहे. छापून हातात घेतलं की नजर सारखी तिथेच जाते.

१९ फेब्रुवारी

सुभद्राबाई ऑफिसात आल्या. साठीच्या पुढच्या, बारीक, आवाज मात्र पोलीस पाटलाचा. येताना पिशवीत कुरड्या. मला म्हणाल्या, "तळून पाय बरं, बाई."

तळायला कशाला, आईने घरी आल्याबरोबर तळल्या. दाताखाली कच्‌कन वाळू लागली. कुलूप लागल्यापासून त्या अंगणात बाजेवर वाळवण घालतात. रस्ता समोरच, ट्रॅक्टर जातात, धूळ उडते, कोंबड्या वर चढतात. तीन लेकी दिल्या घरी वाट बघतात कुरड्यांची, आणि गेल्या दोन वर्षांपासून धाकटीच्या सासरहून निरोप येतो की यंदा राहू द्या. हे सांगताना मात्र त्यांचा आवाज खाली आला होता. मला फार वाईट वाटलं. हे जिंकायलाच पाहिजे!

टिकारसरांनी त्यांना गोषवारा दिला. "घरी न्या. कोणाकडून वाचून घ्या. बरोबर असला तर सही करून आणा."

"समदं आहे ना यात?"

"हाव, हाव. मॅडमनं लिहिलं आहे."

मी टेबलावरचे टाचण्यांचे डबे नीट लावत बसले.

२६ फेब्रुवारी

देवा रे! नव्हे — देवाला काय बोल लावायचा, चूक आमची. "कोणाकडून वाचून घ्या, सही करून आणा" असं सोनाळ्याच्या माणसाला सांगितलं की तो काय करणार? ग्रामसभेचा ठराव असो की विजेची डीपी जळाल्याचा अर्ज, गावात कागद असाच फिरतो — पारावर मोठ्याने वाचायचा आणि सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. सुभद्राबाईंनी तेच केलं. पक्षकाराच्या आणि वकिलाच्या मधला गुपित कागद त्यांनी अख्ख्या गावापुढे वाचून घेतला!

"लोक खुश झाले, बाई. आठ-नऊ वरीस झाले, पण काय चालू आहे हे कोणाले सुदं ठाऊक नव्हतं. दीपकनं चीक खाल्ला ते आलं तवा तर टाळ्या वाजवल्या. दीपक उठून गेला."

पण मग शेवटाला त्यांनी विचारलं म्हणे — म्या इचारत होती, हे कुठं आहे? वाचणाऱ्याने पुन्हा शोधलं. नाही. गाव म्हणालं, हे राह्यलं. वकीलबाई नवीन आहे, राह्यलं असंल.

आणि माझ्या त्या अर्ध्या कोऱ्या पानावर गावाने निळ्या पेनाने लिहिलं आहे: "सुभद्राबाई दरसाल विचारूनच स्लॅबवर जात होत्या. न विचारता एकदाही गेल्या नाहीत. करिता सही." खाली सह्या. अंगठे. रेशन दुकानदाराने शिक्कासुद्धा मारला आहे. आणि सगळ्यांत खाली, वळणदार अक्षरात — सौ. वंदना दीपक.

दीपकची बायको! समोरच्या पक्षाची!

"मावशी, तुमचं तर तिच्याशी बोलणंच नाही ना?"

"बोलनं नाहीच. मधल्या भितीवरून कागद देला. तिनं वाचला, सही केली, भितीवरून वापस देला. बोललो कुठं?"

टिकारसरांनी पाणी मागितलं.

२७ फेब्रुवारी

उद्या गोषवारा दाखल करायचा शेवटचा दिवस. सरांनी सांगितलं, कोरी प्रत काढ आणि बाईची साधी सही घे. काढली. सुभद्राबाईंना रात्री इथे खामगावलाच भाचीकडे थांबवून घेतलं होतं. त्या आल्या, पेन हातात घेतलं आणि शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. वाचता येत नाही, पण निळी अक्षरं नाहीत हे दिसतं ना!

"हे कुठं गेलं?"

सरांनी समजावलं. आवाज चढवून समजावलं, उतरवून समजावलं. मावशी, विचारलं म्हणाल तर हराल. नाही विचारलं म्हणूही नका, नुसत्या चूप बसा.

"म्हंजे जजसाहेब काय समजतीन? का हे बाई बिना इचारता लोकाईच्या घरावर चढे?"

"समजू द्या ना!"

"कायले समजू देऊ? वंदनाची सासू माह्या हातावर गेली. तिच्या घरावर म्या अशी मांजरीसारखी चढली असती का? कुरड्या खाली वाळवीन मी. पण अशी सही नाही करत."

पेन टेबलावर. बाई पायरीवर. सर माझ्याकडे बघताहेत. मी छताकडे.

२८ फेब्रुवारी

लिहिलं. पान १४३ घातलं, आकड्यासकट, तिच्या स्वतःच्या शब्दांत. आणि खाली एक परिच्छेद — की हे विचारणं म्हणजे परवानगी नव्हे, रीत आहे. मला वाटतं ते खरंच आहे. निदान लिहिताना तरी वाटलं.

टिकारसरांनी वाचलं. "समोरचे वकील तुले हार घालतीन," म्हणाले. मग फाइल माझ्याकडे सरकवली. "मले गुडघ्यासाठी अकोल्याला जायचं आहे त्या तारखेला. तूच उभी राहा."

गुडघा कालपर्यंत ठणठणीत होता!

११ मार्च

उभी राहिले. पहिल्यांदा अपिलात एकटी. गाऊनची बाही खुर्चीत अडकलेली.

समोरच्या वकिलांच्या पाच पानांपैकी तीन पानं माकडांवर. जजसाहेबांनी ती भराभरा उलटली. मग माझा गोषवारा उघडला. चिकाच्या जागी हसले. १४३ च्या जागी थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मॅडम, हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत?"

"हो साहेब."

समोरचे वकील घाईघाईने आपल्या गठ्ठ्यात १४३ शोधायला लागले. त्यांच्या प्रतीत ते पान उलटं शिवलं होतं.

मी बोलले. जेवढं येत होतं तेवढं सगळं बोलले. साहेब, दारात उभं राहून "येऊ का?" म्हणणारा शेजारी एक पाय आत ठेवूनच विचारतो. पंगतीत वाढणारा विचारतो "वाढू का?", तेव्हा डाव पातेल्यात गेलेला असतो. विचारणं हा मान आहे, मागणी नाही.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. मग एकच प्रश्न. "समजा, शेजारीण नाही म्हणाली असती तर? तिला नाही म्हणता आलं असतं का?"

सगळं यावरच. नाही म्हणता येत असेल तर परवानगी, नाही म्हणता येत नसेल तर हक्क. मी चारशे पानं मनातल्या मनात उलटली. "रेकॉर्डवर तसं काही नाही, साहेब."

मागच्या बाकावरून सुभद्राबाई मोठ्याने — "नाही काऊन म्हणंल ते?"

शिपायाने त्यांना गप्प केलं. निकाल राखून ठेवला.

१४ एप्रिल

जयंती. पांढरी साडी, सकाळपासून उन्हात, संध्याकाळी मिरवणूक. घसा बसला. कुरड्या दिवसभर आठवल्या नाहीत. आता लिहायला बसले तर आठवल्या.

२२ एप्रिल

हरलो.

निकालात माझं कौतुक आहे! "अपीलकर्तीच्या वकिलांनी प्रतिकूल भागही न लपवता मांडला, याची हे न्यायालय नोंद घेते." आणि त्याच्या पुढच्याच परिच्छेदात मला त्याच भागाने हाणलं आहे. वहिवाट पंचवीस वर्षांची सिद्ध होते — चीक कामी आला! परंतु — "सदर वापर केवळ उत्तरवादीच्या घरच्यांच्या मेहेरबानीने होता. ती मेहेरबानी त्यांना वाटेल तेव्हा काढून घेता येते. सबब अपील नामंजूर."

सुभद्राबाईंना बाहेर व्हरांड्यात सांगितलं. त्यांनी फक्त "मेहेरबानी" हा शब्द दोनदा विचारला. मग निकालाची प्रत पिशवीत घातली आणि बसस्टँडकडे चालू लागल्या. पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. मला रडू आलं. वकिलाने व्हरांड्यात रडायचं नसतं, म्हणून पार्किंगमध्ये जाऊन रडले.

टिकारसर म्हणाले, "पान १४३." बस्स, एवढंच. पण चहा त्यांनीच मागवला.

२३ एप्रिल

ऑफिसात गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं. आईने उरलेल्या कुरड्या तळल्या. वाळूसकट खाल्ल्या.

२५ एप्रिल

दोघी आल्या. एकाच ऑटोतून उतरल्या. सुभद्राबाईंनी निकालही पारावर वाचून घेतला, आणि या वेळी ऐकायला वंदना होती.

"मेहेरबानी?" वंदना दारातूनच सुरू झाली. "माह्या लग्नाच्या पयल्याच साली सासूनं मले सांगतलं होतं. काकू इचारतीन, तू हाव म्हणजो. नाही म्हणाचा हक आपला नाही."

चारशे पानांत हे वाक्य कुठेच नाही. वंदनाला साक्षीला कोणी बोलावलंच नाही. आम्हीही नाही.

कुलूप तिने कालच काढलं म्हणे. चाबी सापडेना, दगडाने फोडलं. मी विचारलं, दीपकभाऊ काय म्हणाले? तर म्हणते, "त्याईले काय इचाराचं?"

"मॅडम, नागपूरले हायकोर्टात अपील करा. आमी दोघी करतो."

"अहो वंदनाताई, तुम्ही तर जिंकल्या आहात! अपील कोणाविरुद्ध करायचं?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"जजसाहेबाच्या," सुभद्राबाई म्हणाल्या. "दुसरं हाय कोण?"